बामणोलीची थंडी आणि अण्णांचा चाकू

निघायच्या आदल्या रात्री, सातारा

खंडेनवमीला पूजेत ठेवलेला अण्णांचा चाकू त्यानंतर मी उघडलाच नव्हता. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बामणोलीला जायचं ठरलं. बॅगा भरताना तो फडताळातून काढला, पातं उघडलं, तर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं होतं नेमक्या त्या जागी मसुरीएवढा तांबडा डाग. पोटात कालवलं. अण्णा असते तर पूजा झाली त्याच संध्याकाळी त्यांनी चाकू पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवला असता. दर वर्षी ठेवायचे. लहानपणापासून मी हे बघत आले, आणि तरी माझ्याकडून राहून गेलं.

हा चाकू साध्या कार्बन पोलादाचा आहे. शिसवी मूठ, दोन पितळी रिव्हेट, पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग. उघडल्यावर पातं धरून ठेवणारा खटका नाही, सगळा भार त्या स्प्रिंगवर. अशा पोलादाला धार पटकन आणि सुरेख लागते, पण ओल लागली की ते गंज धरतं. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा पृष्ठभागावर तयार होतो आणि पोलादाला सांभाळतो. अण्णांच्या चाकूला तसलं कवच नाही. त्याला माणसानेच सांभाळावं लागतं.

खाण्याच्या सोड्याचा घट्ट लेप केला आणि जुन्या टूथब्रशने अर्धा तास घासत बसले. तांबडं सगळं गेलं. खाली टाचणीच्या डोक्याएवढी खळी उरली, ती आता कायमची. मग तेल लावलं, आणि तिथे चुकले. हाताशी खोबरेल तेलाची बाटली होती. थंडीने गोठलेली म्हणून गॅसजवळ ठेवून पातळ केली आणि त्यातलेच दोन-दोन थेंब तिन्ही चाकूंच्या सांध्यात सोडले.

तीन चाकू म्हणजे अण्णांचा एक, दुसरा माझा रोजचा, स्टेनलेस पात्याचा आणि खटक्याचा. तिसरा लेकीसाठी घेतलेला लाल मुठीचा व्हिक्टोरिनॉक्स, ९१ मिलिमीटर लांबीचा, कात्री आणि डबा फोडायचं पातं असलेला. लेक तेरा वर्षांची आहे. अण्णांनी माझ्या हातात चाकू दिला तेव्हा मीही तेवढीच होते. व्हिक्टोरिनॉक्सची सुरुवात १८८४ सालची, कार्ल एल्सनर या स्विस कारागिराच्या छोट्या कार्यशाळेतली. आज ज्याला आपण स्विस चाकू म्हणतो त्याच्या मूळ रचनेची नोंदणी त्याने १८९७ मध्ये केली. लेकीला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे पणजोबांच्याही आधीचा?"

चाकू कुठे ठेवायचे याचा विचार मी आधी करते. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, आणि घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. आमचं सगळ्यात मोठं पातं साडेतीन इंचांचं. पण तेवढ्यावर निर्धास्त राहायचं नसतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, सणावाराला आणि निवडणुकीला तर हमखास, आणि त्या काळात सुरे, काठ्या जवळ बाळगायला बंदी असते. त्यामुळे कुठलाही आदेश असो-नसो, माझा रिवाज ठरलेला आहे. चाकू खिशात नाही, कमरेला नाही. फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, डबा स्वयंपाकाच्या सामानात, सामान डिकीत. गर्दीच्या ठिकाणी चाकू बाहेर निघत नाही.

पहिला दिवस

आम्ही तिघं होतो. मी, लेक आणि माझे मामा. मामा आता बहात्तर वर्षांचे आहेत, आयुष्यभर सुतारकाम केलेलं. पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावणं म्हणजे त्यांची सकाळची संध्या होती. धार लावायचा दगड त्यांनी स्वतःच्या पिशवीत, जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून आणला होता.

राजवाड्यावर कंदी पेढे घेतले, मंडईत कृष्णाकाठची वांगी, आलं आणि कांदे. यवतेश्वरचा घाट चढून वर आलो की साताऱ्याची हवा संपते. कासच्या पठारावर या दिवसांत फुलं नसतात, सगळं पिवळं गवत आणि काळा कातळ. गर्दीही नसते. मला पठार असंच आवडतं. तळ्याच्या बाजूने पुढे निघालो, बामणोलीच्या उतारावर शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसायला लागलं आणि लेकीने गाडीची काच खाली केली. काच लगेच वर घ्यावी लागली इतका गार वारा होता.

राहायची जागा म्हणजे गावाबाहेर उतारावर बांधलेली लाकडी खोली, पुढे पडवी, बाजूला चुलीचं छप्पर. मालक सत्तरीचे. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा घरातली भांडी, जनावरं आणि वडिलांचा कोयता घेऊन ही मंडळी वर आली, एवढंच ते सांगतात, आणि पुढे बोलत नाहीत. तो कोयता अजून चुलीजवळच्या खुंटीला असतो. मूठ तीनदा बदलली, पातं तेच. झिजून झिजून चंद्रकोरीसारखं झालंय, पण धारेवर बोट ठेवायची छाती होत नाही.

संध्याकाळी चूल पेटवायची तर ढलप्या हव्या होत्या. लाकडं जाड होती. मी माझा चाकू काढला, पातं लाकडाच्या डोक्यावर टेकवलं आणि वरून दुसऱ्या लाकडाने ठोकायला हात उचलला, तेवढ्यात मालक आले.

"आवं ताई, त्येच्यानं लाकूड फोडताय व्हय? त्येचा सांधा ढिला हुईल की."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि मला ते माहीत असायला हवं होतं. कोयत्याचं पातं मुठीत आरपार गेलेलं असतं, ठोका बसला तर तो पोलाद पोलादातच झेलतं. घडीच्या चाकूत सगळा ठोका येतो एका बारक्या आडव्या खिळ्यावर आणि खटक्यावर. दहा ठोक्यांत पातं डावीउजवीकडे हलायला लागतं, आणि हलणारं पातं कधी मिटेल सांगता येत नाही. मालकांनी कोयत्याचे चार घाव घातले, लाकडाच्या चिरफळ्या झाल्या. मग त्या चिरफळ्यांच्या कडा चाकूने तासून मी कुरळ्या ढलप्या काढल्या, एका टोकाला चिकटलेल्या, फुलासारख्या. हे मात्र चाकूचंच काम. काडी लावली, एका काडीत चूल धरली. फोडायला कोयता, तासायला चाकू, असं मामा लेकीला म्हणाले आणि तिने ते पुढचे चार दिवस घोकलं.

वांगी भाजण्याआधी लेकीच्या हातात तिचा चाकू दिला. पहिला धडा उघडण्यामिटण्याचा. त्याला खटका नाही, त्यामुळे टोक कुठे रुतवून पुढे दाबायचं नाही, दाब पाठीकडे गेला की पातं बोटांवर मिटतं. मिटताना तळहात पाठीवर, बोटं खाचेबाहेर. कापायच्या आधी हात लांब करून भोवती फिरून बघायचं, कुणी हाताच्या टप्प्यात नाही ना. दुसऱ्याला द्यायचा तर मिटून द्यायचा. आमच्याकडे आजी चाकू हातात देत नसे, खाली ठेवायची आणि म्हणायची उचल. भांडण होतं म्हणायची. कारण काहीही असो, रीत चांगली आहे, मी लेकीलाही तीच लावली.

वांग्याला तिने चार चिरा दिल्या, आत अळी नाही बघितलं, प्रत्येक चिरेत लसणाची पाकळी खोचली. थंडीने तिची बोटं लाल झाली होती, पण चिरा सरळ होत्या. भरीत, भाकरी, आल्याचा चहा. अण्णांच्या चाकूने कांदा मी चिरला. पात्यावर लगेच निळसर काळी झाक आली. ही झाक गंज नव्हे. कांदा, लिंबू, फळं यांच्या आंबटपणाने कार्बन पोलादावर असा काळसर थर बसतो, आणि तो बसला की तांबडा गंज जरा उशिरा धरतो. अण्णांचं पातं अशा कितीतरी थरांनी ढगाळ आभाळासारखं झालेलं आहे. ते चकचकीत करायचा मोह मी कधीच होऊ दिलेला नाही.

दुसरा दिवस

पहाटे मोबाईलवर ९ अंश. खाली शिवसागर दिसतच नव्हता, सगळं खोरं धुक्याने काठोकाठ भरलेलं. आलं चिरायला अण्णांचा चाकू घेतला आणि पात्याच्या खाचेत नख घातलं. पातं हलेना. जोर लावला, नख मोडलं. माझा चाकूही तसाच, एरवी अंगठ्याने झटक्यात उघडणारा, आता पिठात रुतल्यासारखा अर्ध्यावर थांबत होता.

मामांनी सांध्यावरून बोट फिरवून दाखवलं. पांढरा मेणचट थर. "खोबरेल तेल घातलंस ना पोरी?"

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, रोज थंडीत बाटली उन्हात ठेवतो. आदल्या रात्री मी स्वतः बाटली गॅसजवळ ठेवली होती. तरी तेच तेल नऊ अंशांत जाणाऱ्या चाकूच्या पोटात घातलं. आपल्याकडच्या थंडीत पोलादाला काही होत नाही. होतं ते तेलाला आणि बोटांना.

मग सकाळ त्यातच गेली, आणि चांगली गेली. चुलीवर पाणी कोमट केलं. उकळतं नाही, कारण लाकडी मुठीला ते सोसत नाही. दोन थेंब भांड्याच्या साबणाचे, जुना ब्रश, आणि पातं उघडमीट करत सांधा धुतला. अण्णांच्या चाकूतून पांढऱ्या तेलाबरोबर काळी किट निघाली. माझ्या चाकूतून काय काय निघालं त्याची मला खंत वाटली. स्वेटरच्या लोकरीचा गोळा, वाळूचे कण, कधीतरी कापलेल्या सुतळीचे धागे.

आणि हे निघण्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. माझ्या चाकूत पातं उघडलं की आतली पातळ पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे अडते, तोच त्याचा खटका. अर्धवट उघडलेला चाकू मी तसाच रेटून उघडला होता आणि उसाचं कांडं तासायला घेतलं होतं. पट्टी पुरती सरकलेलीच नव्हती, तिच्या वाटेत लोकरीचा गोळा होता. कांड्याच्या पेरावर पातं अडलं, मी मनगट वळवलं आणि ते मिटलं. तर्जनीवर अर्ध्या इंचाची चीर. रक्त बघून लेक पांढरी पडली. स्वच्छ पाण्याने धुतलं, फडकं दाबून हात वर धरून दहा मिनिटं बसले, मध्ये मध्ये उघडून बघायचं नाही हे कटाक्षाने पाळलं. थांबलं. मागे धनुर्वाताचं टीटी कधी घेतलं होतं ते आठवेना, म्हणून साताऱ्याला परतल्यावर आधी ते इंजेक्शन घेतलं. चूक चाकूची नव्हती. दोन वर्षं तो रोज वापरात होता आणि मी त्याच्या पोटात एकदाही डोकावले नव्हते. लेकीला मी हे असंच सांगितलं. पातं प्रत्येक वेळी उघडल्यावर खटका बसला का हे डोळ्यांनी बघायचं, कानांवर विसंबायचं नाही. "टक" असा आवाज येतो म्हणजे बसला असं नाही.

धुतलेले चाकू आधी फडक्याने, मग पडवीतल्या उन्हात उघडे ठेवून वाळवले. पाणी सांध्यात राहिलं तर वरून घातलेलं तेल त्या पाण्यावर तरंगतं आणि गंज आतून सुरू होतो. तास-दीड तास ऊन द्यायचं. मग तेल. मालकीणबाई गोडेतेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, पण मालकच म्हणाले, "गोडं तेल नगं, चिकाट हुतंय." बरोबर आहे, शेंगदाण्याचं, करडईचं तेल हवेत हळूहळू घट्ट होत जातं, कढईच्या कडेला चिकट थर धरतो तसं. मामांच्या पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी होती. ते खनिज तेल, थंडीत पातळ राहतं. सांध्यात एकेक थेंब, दहा वेळा उघडमीट, बाहेर आलेलं पुसून टाकायचं. पात्यावर मात्र ते नको, त्याने आपण खायचं कापतो. पात्यासाठी मेडिकलच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, पोटात गेलं तरी चालणारं. पुढच्या वेळी ते आणायचं असं ठरवलं, त्या दिवशी पातं नुसतं कोरडं ठेवलं.

दुपारी मामांनी दगड सोडला. खरं तर या एका कामासाठी मी त्यांना आग्रहाने आणलं होतं. त्यांचं वय बघता, हे त्यांच्या हातून लेकीने शिकावं असं मला फार वाटत होतं.

दगड दोन तोंडांचा. एक बाजू ४०० नंबरची, खरबरीत, दुसरी १००० ची. आधी दगड पाण्यात बुडवला. बुडबुडे येत राहिले, ते थांबेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग ओल्या फडक्यावर ठेवला, सरकू नये म्हणून. मामांनी अण्णांचा चाकू हातात घेतला, उन्हाकडे धार करून एक डोळा मिटला. "इथं बघ," लेकीला म्हणाले. धारेवर मध्येच एक पांढरी रेघ चमकत होती. "जिथं उजेड दिसतो तिथं धार नाही. धार असली की काही दिसत नाही. फक्त काळी रेघ."

मग कोन. किती अंश, असं लेकीने विचारलं. मामांना अंश माहीत नाहीत, त्यांना मनगट माहीत आहे. मी कागदावर मांडून दाखवलं. पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सात मिलिमीटरच्या आतबाहेर उचलली की साधारण २० अंश होतात. रोजच्या कामाच्या चाकूला तेवढे पुरे. त्याहून चपटा धरला तर धार तलम होते पण लाकडावर टिकत नाही. लेकीने तिच्या पट्टीने सात मिलिमीटर मोजले, आगपेटीतल्या काड्या एकावर एक ठेवून तेवढी उंची केली, आणि पहिले चार हात तिच्यावर पाठ टेकवून मारले. मामा हसले नाहीत. "कर, तुला जसं कळतं तसं कर," म्हणाले.

आणखी एक युक्ती तिला दाखवली. धारेच्या कडेला काळ्या मार्करने रेघ मारायची आणि दगडावर दोन हात फिरवून बघायचं. शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर कोन कमी, अगदी टोकाचीच गेली तर जास्त. सगळी रेघ सारखी गेली की हात बरोबर.

दगडावर पातं बुडापासून टोकापर्यंत एका वळणात ओढायचं, जणू दगडाचा पातळ पापुद्रा कापायचा आहे. स्र्रर्र, स्र्रर्र. दगडावर करडं पाणी साचतं, ते पुसायचं नाही, तेच घासतं. एका बाजूने बरंच घासल्यावर मामांनी लेकीचा अंगठा धरून पलीकडच्या बाजूवर, पाठीकडून धारेकडे, अलगद आडवा फिरवला. तिचे डोळे मोठे झाले. धारेची अगदी पातळ कडा पलीकडे वळलेली होती, डोळ्यांना दिसत नाही पण कातडीला अडकते. ती बुडापासून टोकापर्यंत सगळीकडे लागली की मगच पातं उलटवायचं, त्याआधी नाही. बहुतेकांची धार याच ठिकाणी बिघडते. कंटाळा येतो, कडा वळायच्या आतच बाजू बदलतात, आणि मग दगड वाईट म्हणतात.

खरबरीत बाजू, मग गुळगुळीत बाजू, दर वेळी दाब कमी करत. शेवटी मामांचा जुना चामडी पट्टा, उलट्या, खरखरीत अंगाने. पट्ट्यावर पातं पाठीकडे ओढायचं, धारेकडे कधीच नाही, नाहीतर पट्टा कापला जातो. पूर्वी न्हाव्याच्या दुकानात वस्तरा असाच पट्ट्यावर मारायचे, त्या सपासप आवाजाची आठवण मामांना आली. ते थोडा वेळ थांबले. अण्णा आणि ते दोघं एकाच दुकानात दाढीला जायचे.

वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून लेकीने चाकू खाली ओढला. कागद आवाज न करता दोन झाला. तिने लगेच दुसरा धरला, मग तिसरा. त्या खळीजवळ मात्र दर वेळी बारीक टर्र असा आवाज येत होता. माझ्या हातून राहून गेलेल्या त्या डागाची खळी धारेच्या इतकी जवळ आहे हे मला तेव्हा कळलं. मामा म्हणाले, अजून पाच-सहा वर्षं घासलं की ती निघून जाईल, पण तेवढं पोलादही जाईल. घाई करू नको.

रात्री चहाचा कप उलटा करून मी लेकीला त्याच्या बुडाची कडा दाखवली, चिनी मातीची, चकाकी न चढवलेली, खरबरीत. दगड जवळ नसला तर त्या कडेवर पाच-सहा हात फिरवले तरी भाजी चिरण्यापुरती धार येते. तिने खोलीतले सगळे कप उलटे करून बघितले.

तिसरा दिवस

वासोटा किल्ल्याचा दिवस, आणि या दिवशी आमच्याजवळ एकही चाकू नव्हता.

सकाळी डबा भरताना लेकीने तिचा लाल चाकू सॅकच्या पुढच्या कप्प्यात टाकलेला मी बघितला. काढायला लावला. तिला राग आला, आणि तो येणारच होता. काल दिवसभर शिकवलं, आणि आज खऱ्या जंगलात जाताना ठेवून जायचं? मग तिला नीट सांगितलं. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८५ सालचं, आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. आणि हत्यार म्हणजे काय, याची जी यादी त्याच कायद्यात दिली आहे, तीत बंदूक, धनुष्यबाण, गळ, जाळी, फासे यांच्या बरोबरीने चाकू हा शब्द सरळ लिहिलेला आहे. पात्याची लांबी किती, हा प्रश्नच तिथे येत नाही. जंगलात चाकू नेणारे मला अनेक जण माहीत आहेत, "कोण बघतंय" म्हणणारे. मला ते पटत नाही. ज्या जंगलात आपण पाहुणे म्हणून जातो, तिथे यजमानाने हत्यार बाहेर ठेवा म्हटलं की ठेवायचं.

तिन्ही चाकू डब्यात घालून मालकांच्या कपाटात ठेवले. मामाही गुडघ्यांमुळे मागेच थांबले. बामणोलीला वनखात्याची परवानगी घेतली आणि लाँचमध्ये बसलो. शिवसागरवरून दीड तास. पाण्याची वाफ निघत होती, आणि त्या वाफेतून डोंगर एकेक करून पुढे येत होते. पायथ्याला उतरून चढायला लागलो की ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही अशी झाडी. वर महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा, आणि बाबूकड्यावर उभं राहिलं की पोटात गोळा आणणारी खोल दरी. पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला होता. लेकीला तिची गोष्ट इतकी आवडली की उतरतानाही ती तेच विचारत होती.

जेवण कड्यापासून लांब सावलीत केलं. भाकरी, पिठलं, आणि कांदा. चाकू नाही म्हणून कांदा दगडावर ठेवून लेकीने बुक्कीने फोडला. पहिल्या बुक्कीत नाही, तिसऱ्या बुक्कीत फुटला. काकडी हातांनीच मोडली, संत्री नखांनी सोलली. माझ्या बोटाला पट्टी होती, म्हणून सगळं तिनेच केलं. चाकूने चिरलेल्या कांद्यापेक्षा बुक्कीने फोडलेला कांदा गोड लागतो असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. त्या दिवशी तो खरंच गोड होता.

चौथा दिवस

निघायचा दिवस, सांगण्यासारखं एकच. वासोट्याहून परत आल्यावर लेकीने हौसेने तिचा आणि अण्णांचा चाकू रात्री पडवीच्या कठड्यावर ठेवले होते, आणि विसरली. सकाळी मी चाकू उचलून चुलीच्या छपरात आणले, तिथे चहाचं पाणी खळखळत होतं. बघता बघता दोन्ही पात्यांवर दव धरलं. थंड पोलाद उबदार, वाफेच्या जागी आलं की हेच होतं, चष्म्याची काच धुरकट होते तसं. पुसून लगेच मिटून ठेवायची चूक बहुतेक जण इथेच करतात, कारण बाहेरून कोरडं दिसतं. सांध्यात दव तसंच राहतं. लेकीने पातं उघडं ठेवून आधी फडकं, मग चुलीपासून हातभर लांब धरून शेक दिला, मग तेलाचा थेंब. मी मध्ये पडले नाही. फक्त मामांनी एकदा "मूठ तापू देऊ नको" म्हटलं.

मालकांनी निघताना कोयत्याकडे बोट दाखवून मामांना विचारलं, येवढं बघता का. मामांनी दगड पुन्हा सोडला. सुतार आणि शेतकरी, दोघं पडवीत बसून कोयत्याला हात देत राहिले, आणि आम्हाला निघायला दुपार झाली. यवतेश्वर उतरताना खाली सातारा दिव्यांनी उजळायला लागलं होतं.

घरी आल्यावर तिन्ही चाकू पुन्हा उघडून पुसले. मी शिक्षिका, घरात खडूंना तोटा नाही. प्रत्येक डब्यात एक एक खडू टाकला, तो हवेतली ओल शोषतो. दर महिन्याला उन्हात वाळवून पुन्हा टाकायचा. लेकीने आपल्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आणि त्यावर त्या दिवशीची तारीख घातली. तारखेखाली तिने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: शिलाई मशीनचं तेल, एक थेंब.